पाचोळ्याचा हिशेब

हे पुस्तक जंगलातल्या मातीविषयी आहे. सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या जंगलांवर मराठीत भरपूर लिहिले गेले: वाघ-बिबट्यांवर, पक्ष्यांवर, फुलपाखरांवर, वनौषधींवर. मातीवरही लिहिले गेले, पण ती शेतातली माती. उसाची, कापसाची, द्राक्षाची. जंगलाची माती या दोहोंच्या मधे राहून गेली. वनस्पतींच्या अभ्यासकाला ती झाडाखालची म्हणून दुय्यम वाटली, शेतीच्या अभ्यासकाला तिच्यात पीक नाही म्हणून परकी. प्रत्यक्षात जंगलाचा निम्म्याहून अधिक ऐवज तिच्यातच आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या जंगलांत मिळून सुमारे ७२० कोटी टन कर्ब साठलेला आहे आणि त्यातला ५६ टक्के जमिनीत आहे. खोडे, फांद्या, पाने, मुळे, पडलेली लाकडे आणि पाचोळा हे सगळे एकत्र केले तरी पारडे मातीचेच जड राहते. जगाच्या पातळीवरही चित्र असेच आहे. वरच्या एक मीटर मातीत अंदाजे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. सगळ्या वातावरणात आज ९०० अब्ज टनांच्या आसपास आहे.

मात्र साठा किती या आकड्याने जंगल कळत नाही. शेताला दरवर्षी बाहेरून काहीतरी घालावे लागते, कारण दरवर्षी शेतातून काहीतरी उचलले जाते. जंगलाला हजारो वर्षे कोणी खत घातलेले नाही. पावसाबरोबर थोडा नत्र येतो, खडक झिजून थोडा स्फुरद, पालाश, चुना सुटतो, पण झाडांना दरवर्षी जेवढे लागते त्या मानाने ही आवक किरकोळ असते. बाकीचे सगळे जंगल स्वतःच्याच गळलेल्या पानांतून, मेलेल्या मुळांतून, पडलेल्या खोडांतून पुन्हा मिळवते. उष्ण प्रदेशातल्या जंगलाची माती म्हणजे धान्याने भरलेली कणगी नव्हे. ती छोट्या दुकानदाराच्या फिरत्या भांडवलासारखी असते. गल्ल्यात एका वेळी फारसे नसते, पण सतत फिरत असते म्हणून दुकान चालते. हे फिरणे कसे होते, कुठे अडते आणि कुठे तुटते, हा या पुस्तकाचा विषय. त्यात माझे म्हणणे एकच आहे: आपल्या पानगळीच्या जंगलांत हे चक्र तुटण्याची वेळ ठरलेली आहे. पान जमिनीवर पडल्यापासून पहिला पाऊस येईपर्यंतचे चार महिने ती वेळ असते.

सुरुवात पानापासूनच करू. साग, ऐन, किंजळ, नाणा, धावडा या झाडांचे पान पिवळे पडते तेव्हा झाड हात आखडून घेत असते. गळण्याआधी पानातला निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद ते परत फांदीत ओढून घेते आणि पुढच्या पालवीसाठी राखून ठेवते. चुना मात्र परत घेता येत नाही, तो पेशींच्या भिंतींत जखडलेला असतो. म्हणून गळलेले पान नत्राला गरीब आणि चुन्याला श्रीमंत असते. ऐनाच्या बाबतीत तर हा चुना इतका, की त्याच्या सालीची राख विड्याला चुना म्हणून लावत असल्याच्या नोंदी जुन्या ग्रंथांत आहेत. पालाशाची तऱ्हा तिसरी. तो कशालाच घट्ट बांधलेला नसतो. झाडावरच्या हिरव्या पानावरून पावसाचे पाणी ओघळते त्यातूनही तो धुऊन खाली येतो, आणि पाचोळ्यातून तर पहिल्या चार-दोन सरींतच निघून जातो. एकाच पानातली ही द्रव्ये तीन वेगळ्या वेगांनी जमिनीत पोचतात, हे ध्यानात ठेवले तर पुढचे बरेचसे आपोआप समजते.

उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात हेक्टरी वर्षाला पाच ते दहा टन पाचोळा पडतो. त्यात केवळ पाने नसतात. फुले, फळांच्या साली, काटक्या, पाखरांची आणि वानरांची विष्ठा, आणि अळ्यांचीही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानांची जाळी करून टाकणाऱ्या अळ्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जंगलात फिरणाऱ्याला ते रोगट दृश्य वाटते. पण त्या अळ्यांनी खाल्लेले हिरवे पान अजून नत्र परत ओढून न घेतलेले असते, आणि तो नत्र विष्ठेच्या बारीक दाण्यांच्या रूपाने ओल्या जमिनीवर, मुळे जागी असताना पडतो. जमिनीखालची पडझड तर नजरेलाही येत नाही. झाडाची केशमुळे सतत मरत आणि नव्याने फुटत असतात, आणि अलीकडच्या अभ्यासांनुसार मातीत टिकून राहणाऱ्या कर्बात मुळांचा वाटा पानांपेक्षा मोठा असतो. आपण वरून पाहतो म्हणून पाचोळ्याबद्दल बोलतो. मातीला दोन्ही बाजूंनी मिळत असते.

आता कुजण्याकडे येतो, आणि इथे जरा थांबतो, कारण अर्धे गैरसमज इथलेच आहेत. वाळलेल्या पानात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पन्नास किंवा त्याहून जास्त भाग असतात. ते पान खाणाऱ्या जिवाणूंच्या आणि बुरशीच्या शरीरात मात्र हे प्रमाण एकास आठ-दहाच्या घरात असते. म्हणजे जेवणात कर्ब मुबलक आणि नत्र तुटपुंजा. नत्राची ही तूट ते आसपासच्या मातीतून भरून काढतात. त्यामुळे पाचोळा कुजायला लागला की सुरुवातीला मातीला नत्र मिळत नाही, उलट मातीतला नत्र काही काळ सूक्ष्मजीवांच्या शरीरात अडकतो. कच्चे शेणखत घातल्यावर पीक पिवळे का पडते हे ज्या शेतकऱ्याला माहीत आहे, त्याला हे सांगायला नको. पुढे कर्बाचा मोठा भाग श्वासावाटे हवेत जातो, प्रमाण उतरत उतरत येते, आणि एका टप्प्यानंतर नत्र सुटू लागतो. जंगलात हे अडकणे नुकसानीचे नसते. धो धो पावसात नायट्रेटच्या रूपातला मोकळा नत्र ओढ्याला लागून वाहून गेला असता, तो या सूक्ष्मजीवांनी धरून ठेवलेला असतो.

ही गोष्ट भारतीय संशोधकांनी फार नेटकेपणाने दाखवली. बनारस हिंदू विद्यापीठाच्या जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य पट्ट्यातल्या कोरड्या जंगलांत आणि गवताळ रानांत सूक्ष्मजीवांच्या शरीरात किती कर्ब, नत्र आणि स्फुरद आहे याची ऋतूनुसार मोजणी केली. १९८९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. कोणालाही वाटेल की पावसाळ्यात सूक्ष्मजीव सर्वांत जास्त असतील. आढळले उलटे. ऐन उन्हाळ्यात, झाडे निष्पर्ण असताना, सूक्ष्मजीवांचा साठा सर्वांत मोठा होता आणि पावसाळ्यात तो सर्वांत लहान झाला. झाडे घेत नसतात त्या काळात सूक्ष्मजीव अन्नद्रव्ये सांभाळतात, आणि झाडांची वाढ सुरू होताच ती सोडतात. आपल्या विदर्भातले जंगल याच जातकुळीचे आहे. ते उन्हाळ्यात मेल्यासारखे दिसते, त्या वेळी त्याची पुढच्या वर्षाची शिदोरी मातीत जिवंत असते.

मग मिरगाचा पाऊस येतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेत काम करताना १९५८ साली दाखवले की वाळलेली माती एकदम भिजली की काही तासांतच तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो आणि त्याचबरोबर नत्रही मोकळा होतो. कोरड्यात तग धरलेले सूक्ष्मजीव अचानक पाणी मिळाल्याने फुटतात, उरलेले त्यांच्यावर आणि ओल्या झालेल्या सेंद्रिय पदार्थांवर तुटून पडतात. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वासही मोठ्या प्रमाणावर मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. या पहिल्या पंधरवड्यात जंगलाचा वर्षभराचा मोठा व्यवहार होतो. या वेळी जमिनीवर पाचोळ्याचे अंथरूण असेल तर पाण्याचा मारा पानांवर बसतो, पाणी मुरते, सुटलेली द्रव्ये मुळांना आणि बुरशीच्या धाग्यांना सापडतात. जमीन उघडी असेल तर तीच द्रव्ये गढूळ होऊन ओढ्याला जातात.

पानगळीच्या जंगलात पाचोळा फोडण्याचे मोठे काम वाळवी करते. तिला आपण घराच्या चौकटीवरची शत्रू म्हणून ओळखतो. जंगलात ती नसती तर सागाचे चिवट पान आणि वाळके लाकूड किती वर्षे पडून राहिले असते याची कल्पना करवत नाही. आपल्याकडे वारुळे उभारणारी वाळवी स्वतः लाकूड पुरते पचवू शकत नाही. ती चघळलेल्या लाकडाचे आणि पानांचे मधाच्या पोळ्यासारखे मऊ ठोकळे रचून त्यावर बुरशीची शेती करते. बुरशी लाकडातले चिवट लिग्निन फोडते, वाळवी बुरशी खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी, जिच्यासाठी कोकणात आणि गोव्यात लोक पहाटे रान गाठतात, ती याच शेतीची फळे आहेत. वाळवी खोलवरची बारीक माती वर आणते, त्यामुळे जुन्या वारुळाच्या आसपास चुना आणि पालाश जास्त सापडतो आणि गवतही अधिक हिरवे असते. गांडुळांचे काम चार्ल्स डार्विन यांच्या १८८१ च्या पुस्तकामुळे जगाला कळले. वाळवीच्या वाट्याला असा लेखक आला नाही. या पुस्तकात तिला दोन प्रकरणे दिली आहेत, आणि ती मला कमीच वाटतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात प्रश्न वेगळा आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसात लाखो वर्षे धुतल्या गेलेल्या बेसाल्टमधून चुना, मॅग्नेशियम, पालाश, सिलिका सगळे निघून गेले, आणि मागे उरले लोखंड आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे. हाच आपला जांभा. १८०७ साली फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी केरळात पाहिलेल्या अशाच खडकाला लॅटराइट हे नाव दिले. या तांबड्या मातीत स्फुरद नसतो असे नाही. असतो, पण लोखंड आणि अॅल्युमिनियम त्याला इतके घट्ट धरून बसतात की मुळांना तो सुटत नाही. तरीही या मातीवर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे दाट सदाहरित रान उभे आहे. त्याचे कारण त्या झाडांच्या मुळांशी नांदणारी बुरशी. बर्लिनच्या ए. बी. फ्रँक यांनी १८८५ साली या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. बुरशीचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक असतात, मुळे पोचत नाहीत त्या फटींत ते पोचतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर देते. शिवाय कुजणाऱ्या पाचोळ्यातून सुटलेला स्फुरद लोखंडाच्या हाती लागण्याआधीच हे धागे उचलतात. सदाहरित रानात पाचोळा बाजूला केला की केशमुळांचे जाळे अगदी वरच्या थरात का दिसते, याचे उत्तर इथे आहे. खाली गेले की स्फुरद हातचा जातो.

याच लोखंडाची दुसरी बाजू मला या विषयातली सर्वांत मोलाची वाटते. आपण शाळेत शिकलो की कुजल्यावर शेवटी ‘ह्यूमस’ नावाचा एक काळा, गुंतागुंतीचा, न कुजणारा पदार्थ उरतो. गेल्या काही दशकांत हे चित्र बदलले. योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी २०१५ साली ‘नेचर’मधल्या लेखात मांडले की मातीत असा वेगळा अविनाशी पदार्थ मुळात नाहीच. जे दिसत होते ते बरेचसे प्रयोगशाळेत तीव्र अल्कलीने माती धुताना तयार होत होते. मातीत असतात ती लहान-मोठी सेंद्रिय द्रव्ये, सतत तुटत जाणारी. त्यातली काही टिकतात ती खनिजांना चिकटल्यामुळे आणि मातीच्या बारीक ढेकळांत, जिवाणूंच्या आवाक्याबाहेर, बंदिस्त झाल्यामुळे. आणि हे चिकटवून धरण्याचे काम लोखंड-अॅल्युमिनियमची ऑक्साइडे फार चांगले करतात. म्हणजे स्फुरद कोंडून ठेवणारे तेच लोखंड कर्बही राखते. जांभ्याच्या मातीला हिणवण्याची आपली सवय आहे, पण रानाखाली असताना तिच्यातला कर्ब खोलवर आणि पक्का असतो. ती नांगरली, यंत्राने उकरली, उन्हात उघडी टाकली की ढेकळे फुटतात आणि तोच कर्ब काही वर्षांत हवेत जातो. डोंगर जाळून, सपाट करून रबर किंवा अननस लावताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

नत्राबद्दल एक टीप इथेच. हवेतला नत्र जमिनीत आणणारी झाडे म्हणजे शेंगावर्गीय, असे सरसकट सांगितले जाते. खैर, शिसव, पळस, करंज, पांगारा यांच्या मुळांवर गाठी येतात हे खरे. पण बहावा शेंगावर्गीय असूनही त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. रस्त्याकडेला बहावा लावून जमीन सुधारते असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. बहावा त्याच्या फुलांसाठी लावावा.

आता त्या चार महिन्यांकडे. सागाची, ऐनाची पाने पौष-माघापासून गळतात आणि पाऊस येतो ज्येष्ठात. मधल्या काळात ओल नसल्याने फारसे काही कुजत नाही. जंगलाचे वर्षभराचे चलन जमिनीवर मोकळे पडलेले असते, आणि माणसाचे जंगलातले बहुतेक व्यवहार नेमके याच काळात होतात.

त्यातला सर्वांत जुना व्यवहार राबाचा. ठाणे, पालघर, रायगड, मावळ, इगतपुरी या भातपट्ट्यात रोपासाठी जमीन भाजतात. शेण, पाचोळा, ऐन-किंजळाचे टहाळ, गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग सावकाश सरकते. याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश आणि स्फुरद मिळतो, आणि मातीला मिळालेल्या तापाने तिच्यातला नत्रही काही अंशी मोकळा होतो. रोप जोमदार येते यात शंका नाही. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाल्यावर या टहाळांवरून मोठा संघर्ष झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या तक्रारींसाठी १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राब हा कळीचा विषय होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह १९१२ साली राबावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळच्या वनाधिकाऱ्यांनी शेतकऱ्याला जंगलाचा वैरी ठरवले, ते मला मान्य नाही. जंगल भरपूर होते तोवर राब म्हणजे डोंगरावरचे अन्न खाली भातात आणण्याची समजून-उमजून केलेली रीत होती.

पण हिशेब तर राहतोच. युरोपात तो आधी मांडला गेला. बव्हेरियातले शेतकरी शतकानुशतके गुरांच्या अंथरुणासाठी जंगलातला पाचोळा खरडून नेत. ती जंगले खुरटत गेली. एर्न्स्ट एबरमायर यांनी पाचोळ्यावर रीतसर मोजमापे केली, आणि १८७६ साली त्यांचा ग्रंथ आला. पाचोळ्याबरोबर जंगलातून किती चुना, किती पालाश, किती स्फुरद उचलला जातो याचे आकडे तिथे प्रथमच समोर आले. जंगलातील अन्नचक्राचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू होतो. तिथल्या गुरांच्या अंथरुणाला पुढे धान्याचे काड पुरेसे झाले. आपल्याकडेही वाटा आहेत. चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची काळी राख आणि चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला वापरतात. गिरिपुष्प बांधावर वाढते, त्यासाठी ऐन ओरबाडावा लागत नाही. कोकणातल्या ज्या शेतकऱ्यांनी हे केले त्यांना जंगल वाचवण्याचा उपदेश कोणी केला नव्हता; भात चांगले आले म्हणून त्यांनी ते केले.

वणव्याचा हिशेब त्याहून कडू आहे. पाचोळा जळताना त्यातला कर्ब तर जातोच, पण नत्र आणि गंधकही वायू होऊन उडतात. राखेत स्फुरद, पालाश, चुना उरतो, म्हणून जळालेल्या जागी पहिल्या पावसात गवत हिरवेगार येते आणि आगीने जमीन सुधारते असा समज पक्का होतो. ती हिरवाई एका वर्षाची असते. उताराच्या उघड्या जमिनीवरची बरीच राख पहिल्या वळवातच खाली जाते, आणि उडालेला नत्र भरून यायला वर्षे लागतात. दरवर्षी आग लागली तर तो कधीच भरून येत नाही. विदर्भात मोहाची फुले वेचायला जमीन साफ हवी म्हणून आणि तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून आगी लावल्या जातात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झुडपे छाटावी लागतात आणि आगी लागतात. हातातले रोख उत्पन्न सोडून घेतलेला हा निर्णय आहे. मातीशास्त्राच्या कोणत्याही परिषदेतल्या ठरावापेक्षा मी त्याला मोठा मानतो.

देवरायांत हा हिशेब कधी बिघडलाच नव्हता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अनेक ठिकाणी पडलेले लाकूडसुद्धा बाहेर न नेण्याची रीत पाळली जात होती. पिढ्यान्पिढ्या जे पडले ते तिथेच कुजले. अशा रायांत पाऊल टाकले की जमीन दबते, आणि ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असते, त्यामागे हे कुजणे आहे. आता मंदिरांचे जीर्णोद्धार होतात, सभामंडप वाढतो, आवारात फरशी बसते आणि भक्तिभावाने पाचोळा झाडून ढीग पेटवला जातो. झाड एकही तुटत नाही, म्हणून देवराई शाबूत आहे असे वाटते. झाडे शाबूत असतात, रान उपाशी राहते.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात कोट्यवधी रोपे लावण्याचे कार्यक्रम झाले, २०१९ चे लक्ष्य ३३ कोटींचे होते. किती जगली याची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी. पण जगलेल्या रोपांखाली माती घडू लागली का, हा प्रश्न विचारला गेला नाही. तो का विचारायला हवा, हे एका प्रयोगावरून कळते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक येथे जीन लायकन्स आणि हर्बर्ट बोरमन यांनी १९६३ पासून ओढ्यांचे पाणी मोजायला सुरुवात केली. १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका खोऱ्यातली सगळी झाडे तोडून तिथेच टाकली आणि पुढे तणनाशकांनी काही उगवू दिले नाही. त्या ओढ्यातला नायट्रेट शेजारच्या अखंड जंगलाच्या तुलनेत चाळीस पटींहून जास्त झाला. एक काटकीही बाहेर नेलेली नव्हती. तरीही घेणारी मुळे नाहीत म्हटल्यावर मातीने धरून ठेवलेले सगळे सुटले. पुढे रोपे उगवू दिल्यावर गळती कमी होत गेली. यातून एवढे निश्चित कळते की चक्र जपणे आहे त्या जंगलात सोपे आहे, आणि तुटल्यावर जोडणे झाडे मोजून होत नाही. खड्डा खणण्याआधी जिथे झुडपे, गवत आणि पाचोळा आहे तिथे ते सगळे राहू द्यावे, एवढा नियम वृक्षारोपणाच्या परिपत्रकात आला तरी फरक पडेल.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल. पहिला भाग कर्ब, नत्र, स्फुरद आणि चुना यांच्या फेऱ्यांचा आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, पण दहावीपर्यंत शिकलेल्याला अडणार नाही इतपतच. दुसरा भाग बुरशी, वाळवी, गांडुळे आणि जिवाणूंचा. तिसरा भाग जंगलाच्या प्रकारांनुसार आहे आणि तो क्रमाने वाचायची गरज नाही; गडचिरोलीच्या वाचकाने सदाहरित रानाचे प्रकरण वगळले तरी चालेल, सिंधुदुर्गातल्या वाचकाने मात्र वणव्याचे वगळू नये. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत, कारण खताच्या गोणीवरून ते गावागावांत पोचले आहेत.

हे पुस्तक मी विद्यार्थ्यांसाठी लिहिले तितकेच ग्रामसभांसाठी आणि देवरायांच्या देवस्थान समित्यांसाठी लिहिले आहे. वनहक्क कायद्यानुसार २००९ साली मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर राज्यातल्या हजारो गावांना. ही गावे आपल्या जंगलाचे व्यवस्थापन आराखडे स्वतः करतात. त्यांत बांबू, मोह, तेंदू, चारा, पाणवठे यांची कलमे असतात. माझी विनंती आहे की त्यांत पाचोळ्याचे एक कलम घालावे: होळीपासून मिरगापर्यंत जंगलातला पाचोळा जाळायचा नाही आणि गोळा करून बाहेर न्यायचा नाही, मोहाखालची जागा झाडायची असेल तर आग न लावता झाडायची आणि पाने त्याच झाडाच्या भोवती परत पसरायची. याला पैसा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. पुस्तकातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे कलम पुढच्या ग्रामसभेत मांडा.